कांदा चाळीचं अनुदान: पूर्वसंमतीच्या आधी खड्डा खणू नका

कांदा चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, उभी आहे, कांदा भरलेला आहे, बिलांची फाईल कपाटात आहे आणि अनुदान मात्र नामंजूर. असे शेतकरी मला दर वर्षी भेटतात. त्यांची कागदं बघायला घेतली की बहुतेक वेळा पात्रतेत काहीच कमी नसते, जमीन स्वतःची, कांदा स्वतःचा, सगळं खरं. चुकलेला असतो तो फक्त क्रम. आधी करायचं ते नंतर झालेलं असतं आणि नंतर करायचं ते घाईत आधी. आमच्या भावकीतच एकाने निवडीचा मेसेज आल्याबरोबर दुसऱ्या दिवशी जेसीबी लावला, पंधरा दिवसात चाळ तयार केली, आणि पूर्वसंमतीचं, म्हणजे काम सुरू करायच्या परवानगीचं, पत्र आलं त्याच्या महिनाभर नंतर. पत्रावरच्या तारखेच्या आधीची सगळी बिलं बाद झाली. चाळ आजही उभी आहे, चांगली आहे, पण पूर्ण पैसे त्याच्या खिशातले गेले.

म्हणून इथे फक्त कामाचं लिहितो, कुठल्या टप्प्यावर काय करायचं, काय करायचं नाही आणि पुढे जायच्या आधी काय बघायचं.

टप्पा १: चाळच हवी का, आणि किती टनाची

पहिली गोष्ट, चाळ ही उन्हाळी कांद्यासाठी आहे. खरिपाचा लाल कांदा आणि रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा चाळीत टिकत नाही, तो काढला की विकायचा. तुम्ही फक्त लाल कांदा करत असाल तर अनुदान मिळतंय म्हणून चाळ बांधू नका, तुमच्या वाट्याचा खर्च अंगावर येईल आणि चाळीत नंतर चारा पडेल. एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण असे रब्बीचे टिकाऊ वाण लावत असाल तर चार ते सहा महिने कांदा धरता येतो, तिथे चाळीचा खरा उपयोग आहे.

दुसरं, सोयाबीन, तूर, हरभरा, मका ठेवायचा असेल तर तो रस्ताच वेगळा. तिथे पक्कं गोदाम लागतं आणि ते अनुदान मुख्यतः शेतकरी उत्पादक कंपनी, गट, संस्था यांच्याकडे जातं. अन्न सुरक्षा अभियानातून राज्यात २५० टनाच्या गोदामाला खर्चाच्या ५० टक्के किंवा १२.५० लाख यातलं जे कमी असेल ते, असं धरलेलं असतं आणि ते बँक कर्जाशी जोडलेलं असतं, म्हणजे आधी बँकेची मंजुरी मग अनुदान. त्याच्या जोडीला २०२० साली सुरू झालेला कृषी पायाभूत सुविधा निधी, ज्यात २ कोटीपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत ७ वर्षांपर्यंत मिळते. लोक चाळ आणि गोदाम ही दोन्ही कामं एकत्र करतात आणि चाळीच्या अर्जाला गोदामाचं अंदाजपत्रक लावतात, ते परत येतं. एकट्या शेतकऱ्याचा कांदा असेल तर पुढे वाचा.

आता आकार. अर्जात ५, १०, १५, २०, २५ टन असे पर्याय असतात. बरेच जण डोळे झाकून २५ निवडतात कारण अनुदान जास्त. पण तपासणीला येणारा माणूस टेप लावून मोजतो आणि अनुदान बांधलेल्या मापावर बसतं, शिवाय पूर्वसंमतीत लिहिलेल्या टनाच्या वर जात नाही. म्हणून आधी हिशोब करा. उन्हाळी कांदा एकरी शंभर-सव्वाशे क्विंटल धरला तर दोन एकराला २० ते २५ टन झाले. अर्धा एकर करणाऱ्याने २५ टनाची चाळ बांधून काय भरायचं.

जागेचा हिशोब पण सोपा आहे. एक टन कांद्याला साधारण ६४ घनफूट जागा लागते. पाखी, म्हणजे कांदा भरायचा लांब कप्पा, चार फूट रुंद आणि कांद्याचा थर पाच फूट उंच, ही मापं पक्की धरायची, बदलायची ती फक्त लांबी. म्हणजे दर फूट लांबीला २० घनफूट. मग १० टनाला ३२ फूट लांब एक पाखी, आणि २५ टनाला ८० फूट, ती एका ओळीत नको, ४०-४० फुटाच्या दोन पाख्या समोरासमोर.

> थांबा आणि बघा: जिथे चाळ करायची त्या गटात एवढी लांबी, अधिक ट्रॅक्टर वळायची जागा, पावसाळ्यात पाणी न साचणारी आहे का? स्वतः जाऊन दोरी टाकून मोजा. अंदाजाने नको.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे. हे अनुदान काम झाल्यावर मिळतं, आधी नाही, आणि पूर्ण खर्चाचं तर अजिबात नाही. बरीच वर्षं २५ टनाच्या चाळीला १ लाख ७५ हजार खर्च ग्राह्य धरून त्याच्या ५० टक्के म्हणजे जास्तीत जास्त ८७,५०० रुपये, टनाला साडेतीन हजार, असा हिशोब होता. मापदंड अधूनमधून सुधारतात म्हणून तुमच्या पूर्वसंमती पत्रात जो आकडा असेल तोच तुमचा, शेजाऱ्याला दोन वर्षापूर्वी किती मिळाले ते विसरा. पण खरा खर्च किती होतो याचा अंदाज हवा असेल तर २०२३ ला रोजगार हमीतून कांदा चाळ द्यायचं ठरलं तेव्हाचं सरकारी अंदाजपत्रक बघा. २५ टनाच्या चाळीला ४,५८,७३० रुपये खर्च धरला होता, त्यातले १,६०,३६७ योजनेतून आणि उरलेले २,९८,३६३ शेतकऱ्याने घालायचे. सरकारनेच काढलेला हा आकडा आहे. त्यामुळे "अनुदानात चाळ होऊन जाईल" हे डोक्यातून काढा आणि आपला वाटा कुठून येणार ते आजच ठरवा. उसनवारीवर काम अर्धं अडकलं तर पत्रातली मुदत निघून जाते.

टप्पा २: अर्ज भरायच्या आधीची कागदं

लोक महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या अर्जाच्या पोर्टलवर, बसल्यावर कागदं शोधायला लागतात. उलटं करा. आठ दिवस कागदांना द्या, मग अर्ज दहा मिनिटांचा आहे.

१. फार्मर आयडी. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतोच. तो काढलेला असेल तरी उघडून बघा की तुमचे सगळे गट त्यात जोडलेत का. ज्या गटात चाळ करायची तोच गट राहून गेलेला असतो, हे मी बऱ्याच जणांचं बघितलंय.

२. सातबारा आणि आठ अ. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. ही नोंद ई-पीक पाहणीतून, म्हणजे मोबाईल ॲपवरच्या पीक नोंदणीतून, येते आणि तिला मुदत असते, रब्बीची पाहणी रब्बीतच, शेतात उभं राहून फोटो काढूनच. कांदा लावला पण पाहणी केली नाही तर कागदावर तुमचं शेत पडीक आहे. मोबाईलवरची मुदत गेली असेल तर तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, लगेच भेटा, पीक काढून झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

३. नाव. आधारवर "दत्तात्रय", सातबाऱ्यावर "दत्तू", पासबुकावर "दत्ता". गावाला माहितीये हा एकच माणूस, संगणकाला नाही. अर्जाच्या आधी नावं जुळवून घ्या. आधार दुरुस्ती सगळ्यात पटकन होते, सातबाऱ्याला वेळ लागतो, त्यामुळे शक्यतो आधार आणि बँक सातबाऱ्याप्रमाणे करा.

४. सामायिक खातं. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. इथे भांडणं निघतात, म्हणून आधी घरात बसून बोलून घ्या. आणि जमीन वडिलांच्या नावावर असेल तर अर्ज वडिलांच्याच नावाने, मुलगा कितीही कष्ट करत असला तरी. मुलाच्या नावाने भरलेला अर्ज छाननीत पडतो.

५. बँक. हा मुद्दा नीट समजून घ्या कारण शेवटी पैसे इथे अडकतात. खात्याला आधार "लिंक" असणं वेगळं आणि ते खातं थेट लाभासाठी (डीबीटी) "सीड" असणं वेगळं. तुमची तीन बँकांत खाती असतील आणि तिन्हीला आधार दिलेलं असेल तरी सरकारी पैसा एकाच खात्यात येतो, जे शेवटी सीड झालंय त्यात. मग ते जनधनचं बंद पडलेलं खातं पण असू शकतं. बँकेत जाऊन विचारा, "माझं डीबीटी कुठल्या खात्याला आहे?" एवढंच. आणि ते खातं चालू ठेवा.

६. अनुसूचित जाती, जमातीचे असाल तर जात प्रमाणपत्र.

> सावधान: यापूर्वी तुमच्या नावावर चाळीचं अनुदान घेतलेलं असेल तर त्याच बाबीसाठी पुन्हा अर्ज करू नका. माहिती लपवून हमीपत्रावर सही केली तर वसुली निघते.

टप्पा ३: महाडीबीटीवर अर्ज

वेळेबद्दल आधी. २०२५-२६ पासून महाडीबीटीवर सोडत बंद होऊन "प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य" असं झालंय. म्हणजे नशिबावर नाही, तारखेवर नंबर लागतो. त्यामुळे "मार्चमध्ये बघू" म्हणणाऱ्याचा नंबर मागे राहतो. आणि शेतीचं वेळापत्रक बघा, उन्हाळी कांदा मार्च शेवट ते मे मध्ये निघतो, चाळ त्याच्या आधी तयार हवी, बांधायला महिना-दीड महिना, पूर्वसंमतीला वेळ लागतो तो वेगळा. त्यामुळे पावसाळ्यातच अर्ज पडलेला असावा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं हे पण लक्षात ठेवा, शेवटच्या आठवड्यात फाईल देणाऱ्याची अडचण होते.

अर्जाचा क्रम असा. फार्मर आयडीने लॉगिन, प्रोफाईल पूर्ण भरलंय का बघा, मग फलोत्पादनाच्या विभागात जाऊन बाबी निवडा, तालुका, गाव, गट नंबर नीट निवडा, कांदा चाळ आणि टन निवडा, जतन करा.

आणि इथेच लोक उठून जातात.

"जतन करा" म्हणजे अर्ज गेला असं नाही. जतन केल्यावर मुख्य पानावर परत येऊन "अर्ज सादर करा" वर जायचं, बाबींना प्राधान्यक्रम द्यायचा, मग २३ रुपये ६० पैसे फी भरायची, पावती आली की अर्ज झाला. एका बाईने मला फोन करून सांगितलं की मी आठ महिन्यांपूर्वी अर्ज केलाय, काहीच येत नाही. लॉगिन करून बघितलं तर बाब जतन होती, फी भरलेलीच नव्हती. आठ महिने त्या रांगेत नव्हत्याच.

> थांबा आणि बघा: फी भरल्याची पावती डाऊनलोड केली? "अर्ज केलेल्या बाबी" मध्ये तुमची चाळ दिसते? अर्जाला दिलेला मोबाईल नंबर तुमचाच आहे का, की सेंटरवाल्याने स्वतःचा टाकलाय? शेवटचं नक्की तपासा, कारण पुढचे सगळे मेसेज त्या नंबरवर येणार.

टप्पा ४: निवड झाली, पण अजून कुदळ उचलायची नाही

निवड झाली असा मेसेज आला म्हणजे तुम्हाला फक्त कागद अपलोड करायची संधी मिळाली. निवड म्हणजे पूर्वसंमती नव्हे. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा हवं तर.

मेसेजमध्ये जी मुदत दिलेली असते तेवढ्या दिवसात सातबारा, आठ अ, हमीपत्र, चाळीचं अंदाजपत्रक, सामायिक असेल तर संमतीपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, हे अपलोड करायचं. सातबारा ताजा काढा, दोन वर्षं जुना मोबाईलमधला फोटो टाकू नका. फोटो सरळ, चारही कोपरे दिसतील असा, सावली न पडता. ऐकायला क्षुल्लक वाटतं पण "कागदपत्र अस्पष्ट" या एका शेऱ्याने पंधरा-वीस दिवस जातात.

अंदाजपत्रकात टन आणि माप अर्जाशी जुळलं पाहिजे. अर्जात २० टन आणि अंदाजपत्रकात २५ टनाचा नकाशा, असं करू नका.

कागद तालुका कृषी कार्यालयात तपासले जातात, त्रुटी असेल तर अर्ज परत तुमच्या लॉगिनला येतो. मेसेज येईलच असं नाही, म्हणून आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून स्थिती बघत जा. गावच्या कृषी सहायकाला (आता सहाय्यक कृषी अधिकारी म्हणतात) एकदा जागा दाखवून ठेवा, माप, दिशा काही चुकत असेल तर आत्ताच कळेल.

मग पूर्वसंमतीचं पत्र येतं. ते डाऊनलोड करा, प्रिंट काढा आणि पेन घेऊन चार गोष्टींखाली रेघ मारा. पत्राची तारीख, गट नंबर, टन, आणि काम पूर्ण करायची शेवटची तारीख. या चारपैकी एकही चुकलं तर नंतर दुरुस्त करणं फार अवघड.

> सावधान: पत्राच्या तारखेच्या आधीचं एकही बिल, एकही पेमेंट चालत नाही. अँगलवाल्याला "भाव वाढेल" म्हणून आधी ॲडव्हान्स देऊ नका. रिकाम्या जागेचा एक फोटो लोकेशन आणि तारखेसकट काढून ठेवा, तुम्ही आधी काम केलं नव्हतं याचा तोच पुरावा.

टप्पा ५: बांधकाम

हा टप्पा दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. तपासणीत माप बसलं पाहिजे हे एक, आणि कांदा टिकला पाहिजे हे दुसरं, आणि माझ्या मते दुसरं जास्त मोठं. अनुदान एकदा मिळतं, सड दर वर्षी होते.

जागा उंचावरची, पाण्याचा निचरा होणारी, आसपास मोठी झाडं, घर, भिंत नसलेली. विहिरीजवळ, कालव्याला लागून नको, ओल राहते. रस्त्याला लागून असेल तर पावसाळ्यात माल काढायला सोपं. पण गट तोच, पत्रातला. "इथे लाईट जवळ आहे" म्हणून बांध ओलांडून शेजारच्या गटात चाळ केली, नाव सातबाऱ्यावर आपलंच आहे, तरी ती पत्रातली जागा नाही. फोटोवर अक्षांश-रेखांश येतात, लपत नाही.

दिशा. एक पाखी चाळ असेल तर लांबी दक्षिण-उत्तर, दोन पाखी असेल तर पूर्व-पश्चिम. एक पाखीत पश्चिमेचा वारा लांब बाजूला आडवा लागून कांद्यातून आरपार जातो. दोन पाखीत मधल्या मोकळ्या वाटेतून वारा खेळतो आणि ऊन लांब बाजूंना कमी लागतं. जागेत बसत नाही म्हणून दिशा फिरवणारे बरेच आहेत. जागा बसत नसेल तर टन कमी करा, दिशा फिरवू नका, आणि टन कमी करायचा तर तो अर्जाच्या वेळीच.

तळ. कांद्याचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उचललेला हवा आणि खालून हवा मोकळी वाहिली पाहिजे. खाली सिमेंटचे खांब किंवा पक्के पिलर, त्यावर अँगल, त्यावर बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्या, मधे फट ठेवून. सगळ्यात जास्त चूक इथेच बघतो, तळ तर उचलतात पण नंतर त्या मोकळ्या जागेत ठिबकच्या नळ्या, बारदान, जुनी लाकडं कोंबून ठेवतात. खालची हवा बंद झाली की कांदा मधून गरम होतो आणि सड आतून सुरू होते, वरून काही दिसत नाही, वास आला तेव्हा उशीर झालेला असतो.

रुंदी चार फूट, त्यापेक्षा जास्त नको. उंची कांद्याच्या थराची पाच फूट. माल जास्त झाला म्हणून सहा-सात फुटापर्यंत भरतात, खालच्या कांद्यावर दाब येतो, तो चेपतो आणि तिथून पाणी सुटतं. लांबी चाळीस फूट बास, फार फार तर पन्नास, त्याहून लांब चाळीत मधल्या भागाला हवा पुरत नाही. रोजगार हमीच्या त्या अंदाजपत्रकात २५ टनाची चाळ १२ मीटर लांब आणि ३.९० मीटर रुंद धरली होती. दोन्ही बाजूला चार-चार फुटी पाखी आणि मधे पाच फुटाची वाट घेतली की जवळपास तेवढंच माप बसतं. मधली वाट कमी करून पाखी रुंद करायचा मोह होतो, करू नका, पुढे पाटी घेऊन चालायला पण जागा राहत नाही.

छप्पर. सिमेंटचा पत्रा घ्या. लोखंडी पत्रा स्वस्त पडतो पण मे महिन्यात आत भट्टी होते. तोच आधीपासून घरात असेल आणि वापरायचाच असेल तर वरून उसाचं पाचट टाका. छपराला दोन्हीकडे उतार आणि कडेला किमान तीन फूट बाहेर, नाहीतर जूनच्या तिरक्या पावसाचे शिंतोडे थेट कांद्यावर. बाजूच्या भिंतींना पण पट्ट्या किंवा जाळी, पक्की वीट-सिमेंटची भिंत नको. काही जण चोरीच्या भीतीने भिंत घालतात आणि मग ती चाळ राहत नाही, बंद खोली होते, आणि तपासणीत पण ती चाळीच्या आराखड्यात बसत नाही. चोरीचा प्रश्न खरा आहे, त्याला बाहेरून कुंपण करा.

> थांबा आणि बघा: पत्रे टाकायच्या आधी स्वतः टेप लावा. लांबी, पाखीची रुंदी, जमिनीपासून तळ किती वर, तळापासून कांदा भरायची उंची. पत्रातल्या टनाला ६४ ने गुणा आणि आलेल्या घनफुटाशी ताडून बघा. कमी पडत असेल तर आत्ता वाढवता येतं, वेल्डिंगवाला गेल्यावर नाही.

टप्पा ६: बिलं

काम चालू असतानाच फाईल करत चला. शेवटी एकदम बिलं गोळा करायला निघालात तर दुकानदार मागची तारीख टाकून बिल देतो म्हणेल. ते घेऊ नका. बिल क्रमांक आणि तारखेचा क्रम जुळत नाही हे तपासणाऱ्याला लगेच कळतं आणि खरं काम असूनही फाईल संशयात जाते.

बिल जीएसटीचं, पक्कं, अर्जदाराच्याच नावाने. मुलाच्या, भावाच्या नावाने नाही. पैसे अर्जदाराच्या खात्यातून, चेकने किंवा ऑनलाईन, म्हणजे पासबुकात उतारा दिसेल. रोख दिलेले पैसे तुम्ही दिले हे तुम्हाला माहितीये, कागदाला नाही. बिलावर अँगल, पत्रा, सिमेंट, जाळी असं नाव, नग, वजन लिहिलेलं असावं. "चाळ साहित्य एकूण" असं एका ओळीचं बिल नको.

वाळू, खडी, मजुरी याची पक्की बिलं मिळत नाहीत ही खरी अडचण आहे. त्यामुळे मुख्य साहित्य पक्क्या दुकानातून घ्या आणि ग्राह्य खर्च तेवढ्यातच पूर्ण होईल असं बघा.

टप्पा ७: मोका तपासणी (जागेवर येऊन होणारी)

काम झालं की बिलं आणि फोटो पोर्टलवर टाका आणि कार्यालयात लेखी कळवा. नुसतं तोंडी सांगून वाट बघू नका. तपासणीला कृषी खात्याचा माणूस येतो, माप घेतो, लोकेशनसकट फोटो काढतो, अर्जदाराला चाळीसमोर उभं करतो. म्हणून अर्जदार त्या दिवशी गावात पाहिजे. वडिलांच्या नावावर अर्ज असेल तर वडील. बहुतेक ठिकाणी चाळीवर योजनेचं नाव, लाभार्थी, वर्ष आणि टन लिहिलेली पाटी मागतात, ती आधीच रंगवून घ्या.

चाळ तपासणीच्या आधी भरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. भरलेल्या चाळीत तळाची आणि आतली मापं घेता येत नाहीत आणि मग तपासणी पुढे ढकलली जाते. पण कांदा शेतात पडलेला असेल आणि वळीव येईल असं वाटत असेल तर तारखेची वाट बघत माल भिजवू नका, रिकाम्या चाळीचे मापाची टेप लावलेले फोटो काढा, कार्यालयाला अर्ज द्या, पोहोच घ्या आणि भरून टाका.

भरायचा कांदा पण बघून भरा. माना पडल्यावर काढलेला, शेतात पातीने झाकून तीन-चार दिवस सुकवलेला, मान इंच-दीड इंच ठेवून कापलेला, नंतर सावलीत दहा-बारा दिवस राहिलेला. डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जोडकांदा, चिरलेला, उन्हाने भाजलेला बाजूला काढून लगेच विका. ओला कांदा चांगल्यात चांगल्या चाळीत पण सडतो.

टप्पा ८: पैसे येईपर्यंत

तपासणी झाल्यावर फाईल तालुक्यातून वर जाते आणि निधी उपलब्ध असेल तसं पैसे खात्यात येतात. महिना लागू शकतो, जास्त पण लागू शकतो. या काळात आधार दुसऱ्या बँकेत सीड करू नका, मोबाईल नंबर बदलू नका, आणि कुणी "साहेबांना सांगून लवकर काढून देतो" म्हणून पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका. फाईल पूर्ण असेल तर त्याची गरज नाही आणि अपूर्ण असेल तर तो माणूस काही करू शकत नाही.

पोर्टलवर अनुदान वितरित दिसतंय आणि खात्यात नाही, असं झालं तर पहिल्यांदा बँकेत जा, कृषी कार्यालयात नाही. सीड झालेलं खातं कुठलं ते विचारा, बहुतेक वेळा पैसे दुसऱ्या विसरलेल्या खात्यात पडलेले असतात किंवा खातं बंद असल्याने परत गेलेले असतात. परत गेले असतील तर खातं दुरुस्त करून, पासबुकाची प्रत जोडून कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तो शिक्का मारलेला कागद, पूर्वसंमती पत्र, फीची पावती, बिलं आणि रिकाम्या जागेचा तो पहिला फोटो, सगळं एकाच फाईलमध्ये ठेवा, पैसे आल्यावर पण फेकू नका, पुढे लेखापरीक्षणात कधीतरी कुणी येऊन चाळ दाखवा, कागद दाखवा म्हणतं.